राखीव गड्याचे मोल
(द्वितीय वर्ष, कला)

खेळाविषयी बोलताना आपण बहुधा मैदानात उतरलेल्या खेळाडूंविषयीच बोलतो. कडेला बाकावर खांद्यावर टॉवेल टाकून बसलेल्यांकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. क्रिकेटच्या अकरा जणांत ज्याचे नाव आले नाही, त्याची तर ‘पाणी देणारा’ म्हणून थट्टाच होते. बास्केटबॉलच्या खेळात मात्र हा बाक फार मोलाचा असतो. अमेरिकेत दर उन्हाळ्यात, एकही सामना चालू नसताना, लाखो शौकीन या बाकावर कोणाला आणून बसवावे यावर हिरीरीने वाद घालीत असतात. आमच्या वसतिगृहातही या वादाचे पडसाद उमटतात, कारण तेथील रात्री साडेआठचा अंतिम फेरीचा सामना आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होतो आणि आंघोळीच्या रांगेत त्याचीच चर्चा चालते.

बाहेरच्या माणसाला हा वाद नुसता नावांचा आणि डॉलरच्या आकड्यांचा वाटेल. पण त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. संघात ज्याच्या वाट्याला थोडाच वेळ येतो, त्या माणसाची किंमत कशी ठरवायची, आणि ती ठरविताना त्याचे स्वतःचे मत कोणी विचारायचे की नाही? हा प्रश्न समजावून घेण्याचा अल्पसा प्रयत्न मी येथे करणार आहे.

बाक कशासाठी?

बास्केटबॉलचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी झाला. डॉ. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना बंद सभागृहात खेळता यावे म्हणून हा खेळ शोधून काढला. आज त्याची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे अमेरिकेतील एन.बी.ए. १९४६ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत आता ३० संघ आहेत. बाद फेरीपूर्वी प्रत्येक संघाच्या वाट्याला ८२ सामने येतात.

आता थोडे गणित करू. सामना ४८ मिनिटांचा असतो. बारा-बारा मिनिटांची चार सत्रे. मैदानात एका वेळी पाच खेळाडू. म्हणजे प्रशिक्षकाला एकूण २४० मिनिटे आपल्या गड्यांत वाटून द्यावयाची असतात. या खेळात धाव अखंड असते. पन्नास पावलांत मैदान संपते आणि लगेच उलटे पळावे लागते. त्यामुळे उत्तम खेळाडूही साधारण पस्तीस मिनिटांपलीकडे रोज खेळू शकत नाही. पहिल्या पाच जणांनी प्रत्येकी ३५ मिनिटे खेळली तरी १७५ मिनिटेच भरतात. उरलेली ६५ मिनिटे बाकावरच्यांनीच खेळायची. चौथ्या हिश्श्याहून अधिक खेळ असा राखीव गड्यांच्या हाती असतो. शिवाय बदली खेळाडू किती वेळा घ्यावेत याला बंधन नाही. बाहेर गेलेला गडी पुन्हा आत येऊ शकतो, आणि सहा फाउल झालेला गडी मात्र त्या सामन्यापुरता कायमचा बाहेर जातो.

ही गोष्ट प्रथम नेमकी ओळखली ती बोस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आउरबाख यांनी. एक चांगला खेळाडू त्यांनी मुद्दाम बाकावर ठेवला. समोरचे थकले की तो ताज्या दमाने उतरे. प्रथम फ्रँक रॅमसी व पुढे जॉन हॅवलिचेक यांनी ही भूमिका पार पाडली आणि ‘सहावा गडी’ हा शब्द रूढ झाला. १९८२-८३ च्या मोसमापासून उत्तम सहाव्या गड्याला पारितोषिकही दिले जाते. त्याचा पहिला मान फिलाडेल्फियाच्या बॉबी जोन्सला मिळाला. आता त्या चषकाला हॅवलिचेकचेच नाव आहे.

मुक्त खेळाडू कोण?

संघात खेळाडू येण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला ‘ड्राफ्ट’, म्हणजे नव्या मुलांची क्रमवार निवड. येथे मुलाने संघ निवडायचा नसतो, संघाने मुलगा निवडायचा. दुसरा मार्ग दोन संघांतील अदलाबदलीचा. येथेही खेळाडूला सहसा कोणी विचारीत नाही. तिसरा मार्ग ‘फ्री एजंट’चा. ज्याचा करार संपला आहे तो खेळाडू मुक्त होतो आणि ज्या संघाची अट पटेल त्याच्याशी नवा करार करतो. आपल्याकडे आय.पी.एल. किंवा प्रो कबड्डीचा लिलाव आपण पाहतो. तेथे खेळाडू आपले नाव नोंदवितो, पण जो संघ सर्वांत मोठी बोली लावील त्याच्याकडे त्याला जावे लागते. फ्री एजंटच्या बाबतीत शेवटचा शब्द खेळाडूचा असतो. हा फरक लहान नाही.

हा हक्क खेळाडूंना आपोआप मिळाला नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. मालकाने सोडले तरच त्याला दुसरीकडे जाता येई. १९७० साली खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष आणि त्या काळचा एक श्रेष्ठ खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन याने या प्रथेविरुद्ध न्यायालयात दावा लावला. एन.बी.ए. आणि ए.बी.ए. या दोन प्रतिस्पर्धी स्पर्धांचे एकत्रीकरण होऊ घातले होते. ते झाले असते तर खेळाडूला दुसरे दारच उरले नसते. दाव्यामुळे ते थांबले. १९७६ साली तडजोड झाली, जुनी अट गेली, आणि मगच ए.बी.ए.चे चार संघ एन.बी.ए.मध्ये आले. त्यांतले दोन, डेन्व्हर नगेट्स आणि इंडियाना पेसर्स, या लेखात पुढे भेटणार आहेत. खेळाडूला पूर्णपणे मुक्त होण्याची वाट मात्र १९८८ साली मोकळी झाली. त्या वर्षी टॉम चेंबर्स सिॲटल सोडून फिनिक्सला गेला. अशा रीतीने जाणारा तो पहिला.

मला ही गोष्ट समजायला वेळ लागला नाही, कारण माझे आजोबा सालगडी होते. गुढीपाडव्याला साल संपे आणि नवे साल ठरे. बोलायला गडी त्या दिवशी मोकळा असे. पण अंगावर उचल असली की तो त्याच वाड्यावर पुढचे साल काढी. कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूची आणि सालगड्याची तुलना पैशाच्या बाबतीत होणे शक्य नाही, आणि मी ती करीतही नाही. परंतु मुदत संपल्यावर ‘मी उद्यापासून कोठे काम करायचे ते मी ठरवीन’ असे म्हणता येणे म्हणजे काय, हे दोघांनाही सारखेच कळले असते.

पैशाचे कुंपण

मग श्रीमंत संघ सगळेच चांगले खेळाडू का घेत नाहीत? कारण पगाराला मर्यादा आहे. १९८४-८५ साली ही मर्यादा प्रत्येक संघामागे ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ च्या मोसमासाठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर झाली. परंतु हे कुंपण सलग नाही. त्याला ठरावीक फटी ठेवल्या आहेत, आणि शौकिनांचा निम्मा वाद या फटींविषयीच असतो.

पहिली फट आपल्याच जुन्या खेळाडूसाठी. तो तीन मोसम संघात राहिला असेल तर मर्यादा ओलांडूनही त्याला पुन्हा करारबद्ध करता येते. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावावरून याला ‘बर्ड हक्क’ म्हणतात. खेळाडू एकच वर्ष राहिला असेल तर मात्र त्याच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्क्यांपर्यंतच मजल जाते. दुसरी फट म्हणजे मधल्या दर्जाच्या खेळाडूसाठी दरवर्षी मिळणारी एक ठरावीक रक्कम. संघ जितका खर्चिक, तितकी ही रक्कम लहान. २०२३ च्या नव्या करारनाम्याने तर सर्वांत वर आणखी एक रेघ आखली. तिच्या पलीकडे गेलेल्या संघाला ही रक्कम वापरताच येत नाही. तिसरी फट किमान वेतनाची, आणि ती सर्वांना खुली असते. तिच्यात एक शहाणपणाची तरतूद आहे. अनुभवी खेळाडूचे किमान वेतन तरुणापेक्षा जास्त असते. पण एक वर्षाच्या करारात वरचा फरक एन.बी.ए.च्या तिजोरीतून दिला जातो. संघाने केवळ चार पैसे वाचविण्यासाठी जुन्या माणसाला डावलू नये, असा तिचा हेतू आहे.

पहिल्या पाच जणांवर बहुतेक पैसा खर्च होतो. बाक भरायचा तो या लहान फटींतून. म्हणून एका किमान वेतनाच्या करारावर शौकीन तासन् तास बोलतात. चूक करायला तेथे जागाच नसते.

डेन्व्हरची गोष्ट

आता एक खरे उदाहरण घेऊ. डेन्व्हर नगेट्स या संघाचा आधार सर्बियाचा निकोला योकिच. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये तो एक्केचाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे जगातील श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. तो मैदानात असला की डेन्व्हरचा खेळ फुलतो. पण तो छत्तीस मिनिटे खेळला तरी बारा मिनिटे उरतात, म्हणजे एक पूर्ण सत्र. त्या बारा मिनिटांत कमावलेली आघाडी टिकवायची कोणी, हाच डेन्व्हरच्या शौकिनांचा जुना वाद.

२०२२ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरने मधल्या रकमेतून सुमारे ६५ लाख डॉलरला ब्रूस ब्राऊन या मुक्त खेळाडूला घेतले. तो काही गाजलेला तारा नव्हता. पण चेंडू आणणे, समोरच्याला अडविणे, उंच खेळाडूंच्या गर्दीत शिरून चेंडू काढणे, पडेल ते काम तो करी. त्या मोसमात तो ८० सामने खेळला आणि सरासरी ११.५ गुण मिळविले. बाद फेरीत तर प्रशिक्षक मायकेल मलोन यांनी मुख्यतः आठच खेळाडू वापरले. पहिले पाच, आणि बाकावरून ब्रूस ब्राऊन, अनुभवी जेफ ग्रीन व नवखा ख्रिश्चन ब्रॉन. (या शेवटच्याच्या आडनावाचा अमेरिकेतील उच्चारही ब्राऊनच, पण दोघांचे नाते काही नाही.)

२०२३ च्या अंतिम फेरीत मायामीविरुद्ध तिसऱ्या सामन्यात नवख्या ख्रिश्चनने १५ गुण केले. चौथ्या सामन्यात ब्रूसने २१ गुण केले. त्यांपैकी ११ शेवटच्या सत्रात. पाचव्या सामन्यात अखेरची दीड-दोन मिनिटे राहिली असताना डेन्व्हर एका गुणाने मागे होते. सहकाऱ्याचा फेकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला नाही, तो ब्रूसने उसळी घेऊन पुन्हा आत ढकलला आणि आघाडी मिळविली. डेन्व्हरने ९४-८९ असा सामना आणि आपले पहिले अजिंक्यपद जिंकले.

आणि नंतर काय झाले? ब्रूस डेन्व्हरमध्ये एकच वर्ष होता. नियमाप्रमाणे डेन्व्हर त्याला सुमारे ७८ लाख डॉलरच देऊ शकत होते. इंडियाना पेसर्सने दोन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलरपर्यंतचा करार पुढे केला. ब्रूस गेला. जेफ ग्रीन ह्यूस्टनला गेला. ज्या नियमाने हा बाक उभा केला, त्याच नियमाने तो एका उन्हाळ्यात रिकामा केला. यात गंमत अशी की, खेळाडू जितका चांगला खेळला तितका तो टिकविणे अवघड झाले.

वादाच्या दोन बाजू

येथून शौकिनांत दोन तट पडले. वृत्तपत्रांतील बातम्यांप्रमाणे संघाच्या कार्यालयातही तेच तट होते.

एका बाजूचे म्हणणे असे, की महागडे तारे असलेल्या संघाने बाकावर आपलीच तरुण मुले वाढवावीत. ती स्वस्त असतात, अनेक वर्षे टिकतात आणि खेळूनच शिकतात. व्यवस्थापक कॅल्विन बूथ यांचा कल या बाजूला होता. ख्रिश्चन हे या मताचे उत्तम उदाहरण. २०२४ साली केंटेव्हियस काल्डवेल-पोप हा पहिल्या पाचांतील खेळाडू मुक्त होऊन ऑरलँडोला गेला, तेव्हा त्याची जागा ख्रिश्चननेच भरून काढली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की योकिचसारखा खेळाडू संघाला वारंवार लाभत नाही. त्याची उमेदीची वर्षे मुलांच्या शिकवणीत खर्ची घालणे हा अन्याय आहे. म्हणून बाजारातून पोक्त खेळाडू आणावेत. मलोन यांचा भरवसा अशा खेळाडूंवर अधिक होता.

डेन्व्हरने दोन्ही करून पाहिले. २०२३ साली रेजी जॅक्सनला दोन वर्षांचा करार दिला आणि वर्षभरातच त्याला शार्लटकडे पाठविले. २०२४ साली डारिओ शारिचला मधली रक्कम दिली, पण तो अगदी थोड्या सामन्यांत खेळला. त्याच वर्षी २०१७ चा सर्वोत्तम खेळाडू रसेल वेस्टब्रुक उतरत्या वयात थोड्या पैशांत आला. तो एखाद्या दिवशी सामना फिरवी, तर एखाद्या दिवशी घाईने चेंडू घालवी. त्याच्याविषयी शौकिनांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही.

परिणाम सर्वांनी पाहिला. २०२४ च्या बाद फेरीत मिनेसोटाविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात डेन्व्हर घरच्या मैदानावर २० गुणांनी पुढे होते. योकिच जवळजवळ अखंड खेळला, आणि तरी सामना ९८-९० असा गेला. एप्रिल २०२५ मध्ये, साखळी सामने संपायला तीनच सामने राहिले असताना, मलोन व बूथ या दोघांनाही एकाच दिवशी काढून टाकण्यात आले. मे महिन्यात ओक्लाहोमा सिटीने सातव्या सामन्यात डेन्व्हरला १२५-९३ असे हरविले. ओक्लाहोमा सिटीच पुढे विजेते ठरले.

माझ्या मते दोन्ही बाजूंच्या वादात एक गोष्ट निसटते. ‘तरुण की पोक्त’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, बाकावरच्याकडून नेमके कोणते काम हवे आहे, हा होय. ब्रूस ब्राऊन उपयोगी पडला तो पाचही ताऱ्यांना न आवडणारी कामे करीत होता म्हणून. मोठे नाव घेऊन आलेल्या खेळाडूला चेंडू हातात लागतो. आणि चेंडू तर एकच असतो. म्हणून चांगला शौकीन केवळ गुणांची सरासरी पाहत नाही. तो खेळाडू मैदानात असताना संघाची आघाडी वाढली की घटली, तो कोणाबरोबर खेळला, कोणाला अडवू शकला, हे पाहतो.

मुंबईला येऊन गेलेला संघ

बाकाची ताकद पाहायची तर इंडियाना पेसर्सचे उदाहरण घ्यावे. हा संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध दोन सामने खेळून गेला, एन.बी.ए.चे भारतातील ते पहिलेच सामने. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पेसर्सने टी. जे. मॅकॉनेल या लहान चणीच्या मुक्त खेळाडूला घेतले होते. ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडले नव्हते. सहा वर्षांनी, २०२५ च्या अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात, त्याने बाकावरून येऊन १० गुण, ५ पास आणि ५ वेळा चेंडू हिसकावणे अशी कामगिरी केली. अंतिम फेरीत राखीव खेळाडूने असे पूर्वी कधी केले नव्हते. त्या सामन्यात पेसर्सच्या बाकाने ४९ गुण केले, ओक्लाहोमाच्या बाकाने १८. पेसर्स ११६-१०७ असे जिंकले. अजिंक्यपद मात्र त्यांना मिळाले नाही. सातव्या सामन्यात ते हरले. बाक सामना जिंकून देऊ शकतो, पण एकटा बाक सर्व काही करू शकत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

गद्दार कोण?

शौकिनांच्या वादात एक शब्द फार सहज येतो, तो म्हणजे ‘गद्दार’. २०१२ साली रे ॲलन बोस्टन सोडून मायामीला गेला तेव्हा त्याच्यावर हा शिक्का बसला. बोस्टन त्याला अधिक पैसे द्यायला तयार होते. त्याने कमी पैसे घेतले आणि मायामीत बाकावर बसणे पत्करले. २०१३ च्या अंतिम फेरीत सहाव्या सामन्याची ५.२ सेकंदे उरली असताना त्याने कोपऱ्यातून तीन गुणांची बास्केट केली. बरोबरी झाली, जादा वेळेत मायामी जिंकले आणि सातवा सामनाही त्यांनीच घेतला. म्हणजे एक जण जास्त पैशासाठी गेला, एक जण कमी पैशात गेला. शिव्या बाहेर पडणाऱ्याला ठरलेल्याच! संघ मात्र हव्या त्या दिवशी खेळाडूला दुसऱ्या गावी पाठवितो, तेव्हा त्याला ‘व्यवहार’ म्हणतात. हा दुटप्पीपणा शौकिनांनी सोडला पाहिजे.

ब्रूस ब्राऊनचीच गोष्ट पाहा. इंडियानाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला टोरांटोला दिले, टोरांटोने पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्सला. या दोन्ही वेळी निर्णय त्याचा नव्हता. २०२५ च्या उन्हाळ्यात करार संपला, तो पुन्हा मोकळा झाला, आणि किमान वेतनावर डेन्व्हरला परत आला. ज्या हक्काने तो गेला होता त्याच हक्काने तो परतला. ज्यांनी २०२३ साली त्याला जाताना पाहिले होते, त्यांनीच त्याचे स्वागत केले.

सांगायचे तात्पर्य एवढेच, की बाकाविषयीचा वाद अवश्य घालावा. त्यात गणित आहे, नियमांचा अभ्यास आहे आणि खेळाची जाणही आहे. मात्र तो घालताना आपण वस्तूंच्या नव्हे, माणसांच्या निवडीविषयी बोलत आहोत आणि त्या माणसांनाही निवड करण्याचा हक्क आहे, हे विसरू नये. रॉबर्टसनने दावा लावला तो केवळ स्वतःसारख्या मोठ्या खेळाडूंसाठी नव्हता. त्याचा लाभ बाकाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या पंधराव्या गड्यालाही झाला. आणि आपले काम कोणी ओळखले नाही तर दुसऱ्या दाराशी जाण्याची गरज त्यालाच सर्वांत अधिक असते.